सेव्ह, कंपाइल, रन: एडिटर न सोडता

चूक दुरुस्त केली, टर्मिनलच्या खिडकीत गेलो, वरच्या बाणाची की दाबून जुनी कमांड आणली, एन्टर केलं. उत्तर तेच, चुकीचं. पुन्हा एडिटर, पुन्हा बदल, पुन्हा टर्मिनल. एका प्रोग्रॅमवर माझी एक अख्खी दुपार अशी गेली आहे. शेवटी अगदी पहिल्या ओळीला एक प्रिंट टाकला आणि तोही छापला जाईना, तेव्हा उलगडा झाला. कंपाइल, म्हणजे कोडचं चालवता येणाऱ्या फाइलीत रूपांतर, मुळात होतच नव्हतं. कंपायलर दर वेळी एरर देत होता, ती प्रोग्रॅमच्या लांबलचक आउटपुटमुळे वर सरकून नजरेआड होत होती, आणि चालत होती ती सकाळी तयार झालेली जुनी फाइल.

हा त्रास फार जुना आहे. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे, बदललेल्या फाइली ओळखून पुन्हा कंपाइल करणारं साधन लिहिलं ते अशाच एका प्रसंगानंतर. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे 'याक' या प्रसिद्ध साधनाचे कर्ते, एक सकाळभर एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले होते. चूक केव्हाच सुधारली होती, पण सुधारलेली फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती. त्या सकाळीतून जन्मलेलं साधन आजही जगभर रोज चालतं, आणि या लेखाचा कणाही तेच आहे.

तेव्हा सेव्ह, कंपाइल आणि रन करणारी जी एक की आपण एडिटरमध्ये बसवणार आहोत तिच्याकडून माझी पहिली मागणी अशी: ती दाबल्यावर जे चालेल ते आत्ता स्क्रीनवर दिसणाऱ्या कोडमधूनच तयार झालेलं असलं पाहिजे, आणि ते जमत नसेल तर काहीही चालता कामा नये. वेग ही दुसरी मागणी. पहिली नीट बसली की दुसरी फारशी अवघड राहत नाही.

उदाहरणं मुख्यतः सी भाषेतली आहेत, पण रचना कुठल्याही भाषेला लागू पडते. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि, वेगळं सांगितलं नसेल तिथे, लहान अक्षरांत टाइप करा.

आधी टर्मिनलवर एक ओळ नीट बसवा

एडिटर स्वतः काही कंपाइल करत नाही. तुमच्या वतीने तो शेलला, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, एक ओळ देतो आणि परत आलेला मजकूर दाखवतो. त्यामुळे ती ओळ टर्मिनलवर चालत नसेल तर एडिटरच्या सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात: आधी एक्स्टेन्शन टाकतात आणि मग काय बिघडलंय ते शोधतात. मी उलट्या क्रमाने जायला सांगेन.

समजा फाइलचं नाव 'मोजणी.सी' आहे आणि कंपायलर जीसीसी. ओळ अशी:

    जीसीसी -जी मोजणी.सी -ओ मोजणी && ./मोजणी

यात चार गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. '-जी' मुळे डीबगरला (चालता प्रोग्रॅम थांबवून आतून तपासणाऱ्या साधनाला) लागणारी माहिती आत राहते. शिकताना आणि लिहिताना ती कायम ठेवा. '-ओ' नंतर तयार होणाऱ्या फाइलचं नाव येतं. ते दिलं नाही तर जीसीसी आजही 'ए.आउट' नावाची फाइल बनवतो. हे नाव 'असेम्बलर आउटपुट'चं आखूड रूप आहे, जुन्या युनिक्सच्या काळापासून चालत आलेलं. एका फोल्डरमध्ये चार प्रोग्रॅम असतील तर चौघेही त्याच ए.आउटवर लिहितात आणि तुम्ही भलताच प्रोग्रॅम चालवून बसता. नाव नेहमी द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे मधली दोन '&' चिन्हं. माझी ती दुपार याच ठिकाणी गेली. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक अंक परत देतो: ० म्हणजे सगळं ठीक, दुसरा कुठलाही अंक म्हणजे अपयश. '&&' लिहिलं की डावीकडच्या कमांडने ० दिला तरच उजवीकडची चालते. मी तिथे अर्धविराम लिहिला होता. अर्धविराम काही तपासत नाही. कंपाइल फसलं तरी पुढची कमांड चालवतो, आणि मग फोल्डरमध्ये पडलेली जुनी फाइल निमूटपणे चालते. विंडोजवर एक अडचण आहे. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये '&&' चालतं, पण पॉवरशेलला ते ७ व्या आवृत्तीपासूनच कळतं. विंडोजसोबत येणारी ५.१ ही आवृत्ती ते नाकारते.

चौथी गोष्ट: सुरुवातीचं './'. लिनक्स आणि मॅकवर शेल चालू फोल्डरमध्ये प्रोग्रॅम शोधत नाही, म्हणून हे लागतं. नवशिक्यांचा पहिला प्रोग्रॅम पुष्कळदा 'टेस्ट' नावाचा असतो. './' न लावता 'टेस्ट' टाइप केलं की शेलची स्वतःची त्याच नावाची कमांड चालते. ती काही छापत नाही, एररही देत नाही, आणि माणूस आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत राहतो. प्रोग्रॅमला हे नाव देऊच नका.

ओळ चालू लागली की तिच्यात वॉर्निंगचे फ्लॅग, म्हणजे कंपायलरला डॅश लावून दिलेल्या सूचना, घाला: डॅश, मोठा डब्ल्यू आणि 'ऑल'; त्याच धर्तीवर दुसरा, डॅश, मोठा डब्ल्यू आणि 'एक्स्ट्रा'. कमांड रोज हाताने टाइप करणारा माणूस हे फ्लॅग टाळतो, कारण ओळ लांबते. आता ती एकदाच लिहायची आहे, तेव्हा कंजुषी कशाला? जीसीसी किंवा क्लँग हा दुसरा कंपायलर वापरत असाल तर सरावाच्या बिल्डमध्ये ॲड्रेस सॅनिटायझरही चालू करा. ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिलं गेलं तर तो प्रोग्रॅम जागीच थांबवून ओळीचा क्रमांक सांगतो. त्याने प्रोग्रॅमला साधारण दुप्पट वेळ लागतो, पण सरावात ते परवडतं.

ती ओळ एडिटरमध्ये नको, प्रोजेक्टमध्ये ठेवा

ही ओळ एडिटरच्या सेटिंगमध्ये चिकटवली तरी काम होईल. मी तसं करत नाही. एडिटर बदलतो, मशीन बदलतं, सोबत काम करणारा दुसराच एडिटर वापरत असतो. कंपाइल कसं करायचं हे ज्ञान कोडच्या शेजारी राहावं आणि एडिटरने फक्त हाक मारावी. सीसाठी ही जागा म्हणजे मेकफाइल. सगळ्यात छोटी मेकफाइल अशी:

    मोजणी: मोजणी.सी
        जीसीसी -जी मोजणी.सी -ओ मोजणी

    रन: मोजणी
        ./मोजणी

आत सरकलेल्या ओळींची सुरुवात टॅबने व्हायला हवी. स्पेस दिल्या तर मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबतो. तुमचा एडिटर टॅबच्या जागी स्पेस घालत असेल तर मेकफाइलपुरतं ते बंद करा. व्हिम हा एडिटर हे आपणहून करतो. टॅबचा हा हट्ट अनेकांना खटकतो. फेल्डमन यांनी सांगितलंय की अडचण लक्षात आली तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांचं काम त्यांना मोडायचं नव्हतं.

आता 'रन' या भागाकडे नीट पाहा. तो 'मोजणी'वर अवलंबून आहे. 'मेक रन' म्हटलं की मेक आधी पाहतो: मोजणी.सी ही मोजणीपेक्षा नवी आहे का? असेल तर कंपाइल करतो, कंपाइल फसलं तर तिथेच थांबतो, आणि जमलं तरच चालवतो. आपली पहिली मागणी पुरी झाली, तीही एडिटरला हात न लावता. पुढे कुठल्याही एडिटरमध्ये आपण ही दोनच नावं वापरणार: 'मेक' आणि 'मेक रन'.

'रन' नावाची फाइल कधी फोल्डरमध्ये आली तर मेक गोंधळेल. म्हणून वर एक ओळ घाला: डॉट, मग मोठ्या अक्षरांत 'फोनी', कोलन, आणि 'रन'. म्हणजे हे फाइलचं नाव नाही, हे मेकला कळतं.

मेकच्या दोन मर्यादा ओळखून असा, कारण दोन्हींतून पुन्हा तोच जुना आजार डोकं वर काढतो. मेक फक्त फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पाहतो. तुम्ही मेकफाइलमधले फ्लॅग बदलले तर त्याच्या दृष्टीने मोजणी.सी बदललेली नाही, आणि तो 'सगळं ताजं आहे' म्हणून मोकळा होतो. अशा वेळी डॅश आणि मोठा बी हा पर्याय देऊन सगळं नव्याने बांधायला लावा. दुसरी मर्यादा हेडर फाइलींची, म्हणजे अनेक सी फाइलींत घेतल्या जाणाऱ्या सामाईक फाइलींची. मोजणी.सी मध्ये एखादी हेडर घेतली असेल आणि तुम्ही ती बदलली, तर मेकफाइलमध्ये तिचा उल्लेख नसल्यामुळे मेक जागचा हलत नाही. हाताने यादी ठेवणं दोन फाइलींपुरतं जमतं. त्यापुढे जीसीसीला मोठ्या अक्षरांत 'एमएमडी' हा फ्लॅग द्या. कंपाइल करता करता तो कुठली हेडर कुठे लागते याची 'डॉट डी' फाइल लिहून ठेवतो, आणि मेकफाइलच्या शेवटी ती इन्क्लूड केली की यादी आपोआप ताजी राहते.

सुटे छोटे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सोय. मेकफाइल मुळीच नसलेल्या फोल्डरमध्ये 'मेक मोजणी' म्हणून पाहा. मेकला सी फाइल कशी कंपाइल करायची हे आतूनच माहीत असतं. 'सीफ्लॅग्ज' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत एकदा शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ठेवलं की तुमचे वॉर्निंगचे फ्लॅगही तो उचलतो. इतर भाषांत हे अजून सोपं झालंय: गोमध्ये 'गो रन', रस्टमध्ये 'कार्गो रन', आणि जावाच्या ११ व्या आवृत्तीपासून एकाच फाइलचा प्रोग्रॅम असेल तर 'जावा' या कमांडला थेट सोर्स फाइल देता येते, आधी 'जावासी' चालवावा लागत नाही.

व्हिम: मेक आणि क्विकफिक्स

एरर आल्यावर कर्सर आपोआप त्या ओळीवर जावा ही कल्पना आजची नाही. १९८३ च्या टर्बो पास्कलने एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रॅममध्ये बसवले होते, आणि चूक सापडली की कर्सर थेट तिथे जाऊन थांबत असे. व्हिमची या कामाची सोय, क्विकफिक्स, अमिगा संगणकावरच्या ॲझ्टेक सी या कंपायलरवरून सुचलेली आहे.

व्हिममध्ये ':मेक' टाइप केलं की तो बाहेरचा मेक चालवतो, आलेला मजकूर वाचतो आणि त्यातून फाइलचं नाव, ओळ आणि संदेश वेगळे काढून यादी बनवतो. ':सीओपन' ही यादी उघडते, ':सीएन' पुढच्या एररवर नेते, ':सीपी' मागच्या. यादीतल्या ओळीवर एन्टर दाबलं तरी तिथे पोचता येतं. जीसीसीच्या एररची घडण साधी आहे: फाइल, कोलन, ओळ, कोलन, कॉलम, कोलन, संदेश. व्हिमला ती आधीच माहीत असते. दुसऱ्या साधनांसाठी ':कंपायलर' या कमांडने तयार साचे लावता येतात. त्यापलीकडे 'एररफॉरमॅट' हा पर्याय स्वतः लिहावा लागतो. तो किचकट आहे, आणि तयार साचा मिळत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता की बसवू. एफ९ ला तीन कमांड एकापाठोपाठ जोडा:

    :डब्ल्यूए
    :मेक!
    :सीविंडो

पहिली बदललेल्या सगळ्या फाइली सेव्ह करते. फक्त समोरची फाइल सेव्ह करणारी ':डब्ल्यू' इथे पुरत नाही, कारण शेजारच्या बफरमध्ये (उघडलेल्या दुसऱ्या फाइलीत) हेडर बदलून ठेवलेली असू शकते. दुसरीतल्या उद्गारचिन्हामुळे कर्सर आपोआप पहिल्या नोंदीवर उडी मारत नाही. ही माझी आवड आहे. पहिली नोंद बऱ्याचदा नुसती वॉर्निंग असते, आणि मी जिथे लिहीत होतो तिथून उगाच हलवलं जाणं मला नको असतं. तिसरी कमांड हुशार आहे: यादीत एरर असतील तरच खिडकी उघडते, नसतील तर उघडी असलेली बंद करते. म्हणजे एफ९ दाबल्यावर खाली काही उघडलं नाही, की समजायचं सगळं ठीक.

चालवण्यासाठी एफ१० ला ':डब्ल्यूए' आणि ':टर्मिनल मेक रन' जोडा. टर्मिनलची खिडकी व्हिममध्ये ८.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आहे. निओव्हिममध्ये ती चालू खिडकीतच उघडते, तेव्हा आधी ':स्प्लिट' घ्या.

दोन कीऐवजी एकच का नको? मीही आधी तसंच करायला गेलो होतो: ':मेक' नंतर शेलने परत दिलेला अंक तपासायचा आणि ० असेल तर चालवायचं. ते फसतं. युनिक्सवर व्हिम मेकचं आउटपुट बहुतेकदा 'टी' नावाच्या कमांडमधून ओततो, स्क्रीनवर आणि फाइलमध्ये एकाच वेळी लिहिण्यासाठी. त्यामुळे हाती येणारा अंक 'टी'चा असतो, आणि 'टी' नेहमी यशस्वीच होते. म्हणून अट तपासण्याचं काम मी मेकफाइलवर सोपवलं. एफ१० थेट दाबली तरी 'मेक रन' जुनी फाइल चालवू शकत नाही.

':मेक रन' असं क्विकफिक्समधूनच चालवू नका. प्रोग्रॅमचं आउटपुटही व्हिम एरर समजून वाचू लागतो, आणि तुमचा प्रोग्रॅम कोलन असलेल्या वेळा छापत असेल तर यादीत अस्तित्वातच नसलेल्या फाइलींच्या नोंदी दिसू लागतात.

ईमॅक्स

इथे फार काही बसवावं लागत नाही, कारण 'कंपाइल' ही कमांड पहिल्यापासून आहे. ती न सेव्ह केलेल्या फाइलींबद्दल विचारते, 'मेक -के' ही कमांड सुचवते आणि वेगळ्या बफरमध्ये आउटपुट दाखवते. एकदा 'मेक' अशी दुरुस्त केली की पुढच्या वेळी 'रीकंपाइल' पुरते. तीच एफ५ ला जोडा. आउटपुटच्या बफरमध्ये असाल तर नुसता 'जी' दाबला तरी पुन्हा कंपाइल होतं. मेटा-जी (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट) आणि मग एन पुढच्या एररवर नेतं. दोन सेटिंग मात्र बदलाच: सेव्ह करताना दर वेळी विचारू नये असं सांगा, आणि आउटपुट पहिल्या एररपर्यंतच सरकावं असा पर्याय निवडा. प्रोग्रॅमला कीबोर्डवरून इनपुट द्यायचं असेल तर कंट्रोल-यू दाबून 'कंपाइल' सुरू करा. मग त्या बफरमध्ये टाइप करता येतं. हे माहीत नसल्यामुळे ईमॅक्समध्ये प्रोग्रॅम 'अडकतो' असं पुष्कळांना वाटतं.

व्हीएस कोड

इथे सगळा खेळ 'टास्क'चा आहे. टर्मिनल मेनूमधून डीफॉल्ट बिल्ड टास्क ठरवण्याचा पर्याय निवडा. प्रोजेक्टच्या 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरमध्ये 'टास्क्स.जेसन' तयार होते. तिच्यात प्रकार 'शेल', कमांड 'मेक', गट 'बिल्ड' आणि तो डीफॉल्ट असल्याची नोंद, एवढं हवं. 'प्रॉब्लेम मॅचर' या जागी डॉलर चिन्ह लावून 'जीसीसी' लिहा. ही शेवटची नोंद राहिली तर कंपाइल होईल, पण एरर 'प्रॉब्लेम्स' पॅनेलमध्ये येणार नाहीत, म्हणजे अर्धा फायदा गेला. यानंतर कंट्रोल-शिफ्ट-बी ने बिल्ड होईल आणि एफ८ ने एका एररवरून दुसरीवर जाता येईल. टास्क सुरू होण्याआधी फाइली सेव्ह करण्याचं काम व्हीएस कोड मुळातच करतो.

दिसण्याच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर' हा पर्याय चालू ठेवा. तो दर वेळी टर्मिनल पुसून मग सुरुवात करतो. मागच्या फेरीच्या एरर आणि आत्ताच्या एरर एकाखाली एक दिसल्या की डोळा फसतो.

'मेक रन' साठी दुसरी टास्क लिहा, आणि कीबाइंडिंगच्या फाइलमध्ये 'रन टास्क' या कमांडला तिचं नाव देऊन आवडीची की जोडा.

सी आणि सी++ चं नेहमीचं एक्स्टेन्शन तुम्हाला तयार टास्क देऊ करतं. ती फक्त समोर उघडी असलेली फाइल कंपाइल करते. प्रोजेक्टमध्ये दुसरी सी फाइल आली की 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही लिंकरची (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाची) एरर येते आणि माणूस कोडमध्ये चूक शोधू लागतो. चूक टास्कमध्ये असते.

एफ५ ने डीबगर वापरत असाल तर 'लाँच.जेसन' मध्ये 'प्री-लाँच टास्क' म्हणून बिल्डच्या टास्कचं नाव द्या. बिल्ड फसलं की व्हीएस कोड एक खिडकी उघडून विचारतो: तरीही डीबग करायचं का? घाईत 'हो' दाबलं जातं आणि जुनी फाइल डीबगरमध्ये चढते. ब्रेकपॉइंट भलत्याच ओळींवर थांबतात. सेटिंगमध्ये 'डीबग: ऑन टास्क एरर्स' शोधा आणि 'अबॉर्ट' निवडा. या एडिटरमधली कुठलीही एकच सेटिंग बदलणार असाल तर ही बदला.

'कोड रनर' हे एक्स्टेन्शन फार लोकप्रिय आहे आणि एकाच फाइलच्या प्रोग्रॅमसाठी सोयीचंही. पण त्याच्या दोन सेटिंग मुळात बंद असतात: चालवण्याआधी सेव्ह करणं, आणि टर्मिनलमध्ये चालवणं. पहिली बंद असेल तर नुकताच केलेला बदल वगळून प्रोग्रॅम चालतो. दुसरी बंद असेल तर आउटपुटच्या पॅनेलमध्ये टाइप करता येत नाही, त्यामुळे इनपुट मागणारा प्रोग्रॅम ताटकळतो. दोन्ही चालू करूनच ते वापरा.

बाकीचे एडिटर, थोडक्यात

सब्लाइम टेक्स्टमध्ये टूल्स मेनूतून नवी बिल्ड सिस्टिम बनवा, 'शेल_सीएमडी' मध्ये 'मेक' आणि 'वर्किंग_डीआयआर' मध्ये फाइलचं फोल्डर द्या. कंट्रोल-बी ने बिल्ड, एफ४ ने पुढची एरर. त्यासाठी 'फाइल_रेजेक्स' लिहावा लागतो. त्याचं पॅनेलही इनपुट घेत नाही. जीनीमध्ये सगळं तयारच मिळतं: एफ८ कंपाइल, एफ९ बिल्ड, एफ५ रन. नव्याने शिकणाऱ्याला काहीही न बसवता आज सुरुवात करायची असेल तर मी जीनीच सुचवेन. नोटपॅड++ मध्ये एफ५ ची खिडकी फक्त बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करते. नीट काम हवं असेल तर 'एनपीपीएक्झेक' हे प्लगिन लागतं.

तेच तेच इनपुट हाताने देऊ नका

एका कीने प्रोग्रॅम चालू झाला, पण मग दर वेळी सात आकडे टाइप करावे लागत असतील तर मिळवलेलं सगळं तिथेच खर्च होतं. इनपुट 'इनपुट.टीएक्सटी' मध्ये ठेवा आणि मेकफाइलमधल्या रनच्या ओळीत '<' चिन्हाने ते वळवा:

    ./मोजणी < इनपुट.टीएक्सटी

एक पाऊल पुढे जाऊन अपेक्षित उत्तर 'अपेक्षित.टीएक्सटी' मध्ये लिहा आणि प्रोग्रॅमचं आउटपुट '|' या पाइपमधून, फरक दाखवणाऱ्या 'डिफ' या कमांडकडे पाठवा. 'डिफ'ला डॅश देऊन सांगितलं की पाइपमधून येणारा मजकूर त्या फाइलशी ताडून पाहायचा, की उत्तर बरोबर असताना स्क्रीनवर काहीच येत नाही. हा भाग मेकफाइलमध्ये 'तपास' अशा वेगळ्या नावाने ठेवा, आणि फोनीच्या ओळीत त्याचंही नाव घाला.

अनंत लूपमध्ये अडकणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिनक्सवर './मोजणी' च्या आधी 'टाइमआउट ५' लिहा (अंक अर्थात रोमन लिपीतला). पाच सेकंदांत प्रोग्रॅम संपला नाही तर तो थांबवला जातो आणि १२४ हा अंक परत येतो. असे काही अंक ओळखीचे झाले की चूक लवकर सापडते: १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (१२८ अधिक सिग्नल क्रमांक ११), १३४ म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःहून अबॉर्ट केलं.

प्रिंट दिसला नाही म्हणजे तिथवर पोचला नाही, असं नाही

एडिटरच्या पॅनेलमध्ये प्रोग्रॅम चालवणाऱ्यांना हा धडा कधी ना कधी लागतोच. सी चं स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलेलं असतं तेव्हा सहसा ओळ पूर्ण झाली की मजकूर बाहेर पडतो. तेच आउटपुट पाइपला किंवा फाइलला जोडलं की मजकूर आत साठत राहतो आणि ती साठवणीची जागा, म्हणजे बफर, भरल्यावर किंवा प्रोग्रॅम नीट संपल्यावरच बाहेर येतो. बरीच पॅनेलं आतून पाइपच वापरतात. परिणाम दोन. 'संख्या द्या' हा प्रश्न उत्तर देऊन झाल्यावर दिसतो. आणि प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर साठलेले प्रिंट कायमचे जातात. तुम्हाला वाटतं की तो दहाव्या ओळीच्या आधीच मेला, प्रत्यक्षात तो नव्वदाव्या ओळीवर मेलेला असतो.

चूक शोधण्यासाठीचे प्रिंट स्टँडर्ड एररवर पाठवा, ते साठवले जात नाहीत. किंवा प्रिंटनंतर 'एफफ्लश' करा. पायथनला 'पायथन -यू' असं चालवलं की तोही साठवत नाही.

सेव्ह केलं की आपोआप

की दाबणंही नको असेल तर फाइल बदलली की कमांड चालवणारी साधनं आहेत. मला 'एन्टर'सारखंच उच्चारलं जाणारं छोटं साधन आवडतं. त्याचं स्पेलिंग ई, एन, टी, आर एवढंच. त्याला फाइलींची यादी पाइपमधून द्यायची आणि पुढे 'मेक तपास' लिहायचं. शेजारच्या टर्मिनलमध्ये ते चालू ठेवा. दर सेव्हला निकाल ताजा होतो. चाचण्यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. फाइली पुसणाऱ्या किंवा बाहेर काही पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र ती लावू नका, कारण अर्धवट लिहिलेला कोडही सेव्ह झाला की चालेल.

टाइप करतानाच लाल रेघ दाखवणारे लँग्वेज सर्व्हर हे काम करत नाहीत, हेही लक्षात ठेवा. सी साठी क्लँगडी वापरत असाल आणि त्याला तुमचे फ्लॅग माहीत नसतील, तर तो ठीक म्हणेल ते कंपायलर नाकारेल, आणि उलटही. 'कंपाइल_कमांड्स.जेसन' ही फाइल बनवून दिली की दोघांचं एकमत होतं. मेकफाइलवरून ती बनवायला 'बेअर' हे साधन आहे.

कंपाइललाच वेळ लागत असेल तर 'मेक -जे ४' ने चार फाइली एकाच वेळी कंपाइल होतात, आणि 'सीकॅश' आधी कंपाइल झालेल्या गोष्टी लक्षात ठेवतो. नुसत्या एरर पाहायच्या असतील तर रस्टमध्ये 'कार्गो चेक' पूर्ण बिल्डपेक्षा बराच लवकर उरकतो.

बसवलेलं तपासून घ्या

सगळं जुळल्यावर मी मुद्दाम ते मोडून पाहतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते चुकवून बसवलेल्या कीवर मी विसंबत नाही.

प्रोग्रॅम एकदा नीट चालवा. मग एक अर्धविराम काढा, सेव्ह न करता रनची की दाबा. एरर दिसली पाहिजे, प्रोग्रॅमचं एक अक्षरही छापलं जाता कामा नये, आणि एररवरून एका कीने त्या ओळीवर पोचता आलं पाहिजे. अर्धविराम परत घाला.

हेडरमधला एखादा स्थिरांक बदला आणि सी फाइलला हात न लावता रन करा. जुनं उत्तर आलं तर मेकफाइलला हेडरचा पत्ता नाही; वरचा 'एमएमडी' चा भाग पुन्हा पाहा.

प्रोग्रॅम इनपुटची वाट पाहत असताना तसाच सोडा, कोडमध्ये बदल करा आणि पुन्हा बिल्डची की दाबा. विंडोजवर चालू असलेली एक्झिक्युटेबल फाइल कुलूपबंद असते, त्यामुळे लिंकर 'परमिशन डिनाइड' म्हणेल. हे तुमच्या कोडचं दुखणं नाही; जुना प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा दाबा. लिंकरची ही एरर एडिटरच्या यादीत नीट दिसते का, तेही याच वेळी कळेल. नसेल दिसत तर कंपाइलनंतर कच्चं आउटपुट कुठे पाहायचं ती जागा आत्ताच शोधून ठेवा.